अक्राच्या खानावळीत

निवृत्त कर्नल बोलायला येणार म्हटल्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सरहद्द, बर्फ, गोळीबार असं काहीतरी गृहीत धरलं असेल. आयोजकांनीही धरलं होतं. मी फोनवर म्हटलं, मला चॉप बारवर बोलायचंय. पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न आला, "सर, दारूचा विषय आहे का?"

नाही. चॉप बारमध्ये बार नसतो आणि चॉपही नसतात. पश्चिम आफ्रिकेतल्या पिजिन इंग्रजीत 'चॉप' म्हणजे खाणं. नवरा घरखर्चाला पैसे देतो, ते 'चॉप मनी'. चॉप बार म्हणजे आपली खानावळ. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, मागे चुलीवर मोठमोठी पातेली आणि त्या सगळ्यावर जिचा हुकूम चालतो अशी एक बाई. तिला गिऱ्हाइकं 'आंटी' म्हणतात, जसं आपण खानावळवालीला मावशी म्हणतो. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका होत्या, ज्यांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांच्याच जातकुळीतली ही आंटी. पहाटे उठते, उधारी लक्षात ठेवते आणि कोणाचं ऐकून घेत नाही.

२०१५ ते २०१८ मी घानाची राजधानी अक्रा इथे राहत होतो. तेमा बंदरातल्या काही गोदामांच्या सुरक्षेचं काम होतं. अक्रा ते तेमा रोजची ये-जा, रहदारी पुण्याच्या तोंडात मारेल अशी, त्यामुळे एका तरी वेळचं जेवण बाहेर. अक्रात भारतीय रेस्टॉरंटं भरपूर आहेत, चांगली आहेत. सिंधी व्यापाऱ्यांची घराणी तिथे दोन-तीन पिढ्यांपासून आहेत, तेव्हा छोले-भटुऱ्यांवाचून कोणी उपाशी राहत नाही. पण मला रोज तेच खायचं नव्हतं.

आधी चॉप बारची पद्धत सांगतो, कारण नवखा माणूस तिथेच गडबडतो. टेबलावर एक रिकामा वाडगा, पाण्याचा जग आणि भांडी घासायच्या पातळ साबणाची बाटली असते. तो वाडगा हात धुण्यासाठी. पाण्याबद्दल बोलायचं तर, प्यायचं पाणी प्लास्टिकच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीत येतं. कोपरा दाताने फाडायचा आणि तोंडाला लावायची. हात धुतल्यावर उठून पातेल्यांकडे जायचं. आधी सांगायचं फूफू की बांकू, मग रस्सा कुठला, मग मांसाचे तुकडे बोट दाखवून निवडायचे. हिशेब तुकड्यांवर होतो. शेळी, मासा, गोगलगाय, वेले म्हणजे गाईचं कातडं, आणि अकरांतिए नावाचा उसात-गवतात राहणारा एक मोठा उंदीरवर्गीय प्राणी, ज्याला ते इंग्रजीत ग्रासकटर म्हणतात आणि ज्याचं मांस घानातल्या माणसाला जीव की प्राण. जेवायचं उजव्या हाताने. डावा हात ताटाला लावला, इतकंच काय डाव्या हाताने कोणाला पैसे दिले, तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. आमच्या आजीने त्यासाठी पाठीत धपाटे घातले होते.

फूफू ही पाहण्याची गोष्ट आहे. कसावाचे कंद आणि कच्ची केळी, म्हणजे प्लँटेन, उकडून मोठ्या लाकडी उखळात कांडतात. एक जण उभा राहून पुरुषभर उंचीचं मुसळ मारतो, एक बाई शेजारी बसून प्रत्येक दोन घावांच्या मधे ओला हात घालून गोळा उलटते. दोघांचं बोलणं चालू, लक्ष तिसरीकडेच, पण बोट कधी सापडत नाही. मी तीस वर्षं ड्रिल पाहिली आहे, इतका अचूक ठेका क्वचित पाहिला. आता मशिनं आली आहेत, पण जुनी गिऱ्हाइकं कांडल्याचा आवाज ऐकून आत शिरतात. तो गुळगुळीत गोळा खोल मातीच्या वाडग्यात ठेवून वरून रस्सा ओततात. दोन बोटांनी तुकडा तोडायचा, रश्श्यात बुडवायचा आणि गिळायचा. चावायचा नाही. भारतीय माणूस पहिल्यांदा चावतो आणि म्हणतो, याला चव नाही. चव रश्श्याची असते हो. लाइट सूप नावाचा रस्सा पांढऱ्या रश्श्याइतका पातळ, पण टोमॅटो आणि मिरचीने लाल, आणि तिखट असं की कोल्हापूरकरानेही रुमाल काढावा.

कसावा म्हणजे काय, तर आपल्या साबुदाण्याचा बाप. तमिळनाडूत सेलमच्या कारखान्यांत ज्या कंदापासून साबुदाणा होतो आणि केरळात कप्पा म्हणून जो माशाबरोबर खातात, तोच. तिकडे रश्श्यांचा दुसरा एक प्रकार आहे, ग्राउंडनट सूप. दाणे भाजून, वाटून, शिजवून केलेला. मी पहिला घास घेतला आणि मला एकादशीच आठवली. दाण्याची आमटी! त्यात कोंबडीचा तुकडा तरंगत होता, एवढाच फरक. साबुदाणा आणि दाण्याची आमटी म्हणजे आपला अख्खा उपास, आणि तो तिकडे रोजचं जेवण म्हणून मांडलेला. हे दोन्ही जिन्नस मुळात दक्षिण अमेरिकेतले. त्यांना जगभर फिरवण्यात पोर्तुगीज जहाजांचा हात मोठा. पोर्तुगीजांनी घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला १४८२ साली बांधला आणि गोवा घेतलं १५१० साली. मिरचीही अशीच दोन्हीकडे आली. तेव्हा ती 'आपली' की 'त्यांची' हा वाद घालू नये.

पण जे खरोखर त्यांचं आहे आणि आपण आपलं म्हणून खातो, त्याबद्दल बोलायलाच हवं. अक्रात सकाळी लवकर बाहेर पडलात तर निमा नावाच्या वस्तीत जा. ही झोंगो आहे. हाउसा भाषेत झांगो म्हणजे काफिल्याचा मुक्काम. उत्तरेकडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांचे, मजुरांचे तळ पडत गेले आणि त्यांचे मोहल्ले झाले. छावणीची वस्ती कशी होते हे फौजी माणसाला वेगळं सांगायला नको. तिथे बायका रस्त्याच्या कडेला कोको विकतात. हा चॉकलेटचा कोको नव्हे. बाजरी भिजवून, आलं-लवंग-मिरीबरोबर दळून, आंबवून केलेली पेज. सोबत कोसे, म्हणजे चवळीच्या डाळीचे तळलेले वडे. आंबील आणि वडा! विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने डोळे मिटून प्यावी अशी आंबील.

आणि ती बाजरी आपण त्यांना दिलेली नाही. बाजरी पश्चिम आफ्रिकेची. आजच्या माली देशाच्या उत्तरेला सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिची शेती होत होती असे पुरावे आहेत. तिथून ती भारतात पोचली. चवळीचंही तेच. मध्य घानात किंटाम्पो संस्कृतीच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांहून जुनी चवळी सापडली आहे. ज्वारी आफ्रिकेतलीच, पण पूर्वेकडची, सुदानच्या बाजूची. आपल्या देशावरच्या माणसाचं जेवण म्हणजे भाकरी आणि उसळ. त्यातली भाकरी आफ्रिकेची आणि चवळीची उसळही आफ्रिकेची. मी हे नगरच्या एका नातेवाइकांना सांगितलं तर ते चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

सकाळचं दुसरं जेवण म्हणजे वाचे. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवायची आणि त्यात ज्वारीच्या ताटांची वाळलेली पानं टाकायची, त्यामुळे भाताला काळपट तांबूस रंग येतो. हे पैशाच्या मापात मागायचं. इतक्याचा भात, इतक्याची गारी, इतक्याचा रस्सा, एक अंडं. गारी म्हणजे कसावाचा भाजलेला रवा. वर शेवयांसारखी स्पॅगेटी घालतात, आणि का घालतात हे कोणी मला समजावू शकलं नाही, पण ती नसली तर गिऱ्हाईक तक्रार करतं. शेवटी शितो, म्हणजे मिरची, आलं, सुका मासा आणि सुक्या कोलंबीची तेलात परतून काळी केलेली चटणी. आपल्या कोकणी माणसाला शितोची बाटली द्या, तो बाकी काही मागणार नाही. चांगली वाचेवाली मोठ्या हिरव्या पानात बांधून देते. त्या पानाचा वास गरम भातात उतरतो. थर्माकोलच्या डब्यात तो वास येत नाही, आणि अक्रातही आता डबेच वाढत चालले आहेत.

आमच्या गोदामाजवळच्या वाचेवालीचं वय साधारण माझ्याइतकं होतं. ताटातलं कोणी टाकलं की ती बोलत नसे, नुसती बघे. एकदा एका तरुण पोराला मात्र तिने सुनावलं आणि त्यात '१९८३' हा शब्द मी पकडला. मग चौकशी केली. त्या वर्षी घानात दुष्काळ पडला, रानांना आगी लागल्या, उभी पिकं गेली, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला नायजेरियाने सुमारे दहा लाख घानावासीयांना देशाबाहेर काढलं. तेवढी तोंडं परत आली. माणसं इतकी वाळली की गळ्याखालच्या हाडांना लोक 'रॉलिंग्ज चेन' म्हणू लागले. जेरी रॉलिंग्ज तेव्हा सत्तेवर होते. मी तिला सांगितलं, आमच्याकडे १९७२ होतं. मी शाळेत होतो, सुकडी खाल्ली आहे, मिलोच्या लाल भाकऱ्या खाल्ल्या आहेत. तिला मिलो कळला नाही, पण साल कळलं. त्या दिवशी तिने अंड्याचे पैसे घेतले नाहीत.

अक्रा हे मुळात गा लोकांचं गाव. त्यांचा मोठा सण होमोवो, त्याचा अर्थच भुकेची हुर्यो उडवणं. कधीकाळी पडलेल्या दुष्काळानंतर पीक आलं, तेव्हा भुकेला हसून दाखवलं, ही त्यामागची गोष्ट. सणाआधी महिनाभर शहरात ढोल वाजवायला बंदी असते, आणि सणाच्या दिवशी मक्याच्या पिठाचं क्पोक्पोई करून त्यांचे प्रमुख ते रस्त्यावर शिंपडत जातात. गा लोकांचं रोजचं खाणं केंकी. मक्याचं पीठ आंबवून, थोडं शिजवून, कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेला गोळा. सोबत तळलेला मासा आणि ताज्या मिरची-टोमॅटोचा ठेचा. हा ठेचा असांका नावाच्या आतून खाचा असलेल्या मातीच्या वाडग्यात रगडतात. केंकी आंबट असते. पहिल्या दिवशी आवडत नाही. पाचव्या दिवशी तिच्यासाठी गाडी थांबवावीशी वाटते.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो.

घानामध्ये कोणी जेवत असेल आणि तुम्ही शेजारून गेलात, ओळख असो वा नसो, तो मान वर करून म्हणतो, "यू आर इन्व्हायटेड." या जेवायला. अगदी आपलं 'या जेवायला'. तुम्ही म्हणायचं, थँक यू, आणि पुढे जायचं. रखवालदार म्हणतो, बँकेतला मॅनेजर म्हणतो, शाळेतलं पोर एका केळ्यावर म्हणतं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात हे शब्द आता कमी ऐकू येतात. डबा उघडून माणूस फोन बघत जेवतो.

माझ्याबरोबर काम करणारा सुरक्षा पर्यवेक्षक घानाच्या सैन्यातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला. आम्ही दोघेही संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत दक्षिण लेबनॉनला होतो, वेगवेगळ्या वर्षी. तिथे भारताची बटालियन आहे आणि घानाचीही, त्यामुळे तीच गावं, तेच चेकपोस्ट, तीच थंडी, गप्पांना तोटा नव्हता. २०१७ च्या मार्चअखेर आम्ही बांकू खात होतो. त्याने फोन पुढे केला. ग्रेटर नोएडाचा व्हिडिओ होता. तुम्हाला आठवत असेल. एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला होता, आणि त्याआधी शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं अशी अफवा उठली होती. खाल्लं! मग आफ्रिकन विद्यार्थी दिसतील तिथे जमावाने मारले, एका मॉलमध्ये खुर्च्यांनी मारले. वॉरंट ऑफिसर मला म्हणाला, "सर, तुमच्या लोकांना आमच्याबद्दल खरंच असं वाटतं?"

मी म्हटलं, काहींना वाटतं. खोटं बोलून काय उपयोग होता? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग माझ्या वाडग्यातल्या तुकड्याकडे बोट करून म्हणाला, "सर, गोट. आय स्वेअर." आणि हसला. मीही हसलो. पण त्या हसण्याने मला जे वाटलं ते इथे बसून सांगता येण्यासारखं नाही.

त्याआधीच्या वर्षी, २०१६ च्या जूनमध्ये, राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते घाना विद्यापीठात गांधीजींचा पुतळा बसला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधीजींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं, त्यावर तिथल्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला आणि २०१८ च्या डिसेंबरात पुतळा हलवला गेला. पुतळ्याच्या वादात मी पडत नाही. पण अक्रातले भारतीय आठवडाभर तावातावाने बोलत होते की हे लोक कृतघ्न आहेत, आणि त्या बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आठ-आठ, दहा-दहा वर्षांत एकदाही चॉप बारच्या बाकावर बूड टेकलेलं नव्हतं. ड्रायव्हर आत जेवतोय, साहेब गाडीत एसी लावून बसलाय, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं! विचारलं तर उत्तर स्वच्छतेचं. हेच गृहस्थ सुट्टीत घरी आले की गटाराशेजारच्या गाडीवर पाणीपुरी खातात. एका भारतीय मालकाच्या कारखान्यात तर भारतीयांची पंगत वेगळी आणि घानावाल्यांची वेगळी, कप वेगळे, फ्रिज वेगळा. कोणी नियम लिहून लावला नव्हता. आपल्याला असे नियम लिहावे लागतच नाहीत.

आपल्या भाषेत रोटीव्यवहार हा शब्द आहे. कोणाबरोबर जेवायचं नाही याचं शास्त्र आपण पिढ्यानपिढ्या पाळलं, ते विमानात बसवून अक्रापर्यंत नेलं. म्हणून मला तिथे कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची फार आठवण यायची. त्यांनी शाहू महाराजांच्या मदतीने चहाचं हॉटेल काढलं. ते अस्पृश्य, म्हणून सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः त्या हॉटेलासमोर गाडी थांबवायचे, चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तोच चहा पाजायचे. छत्रपतींसमोर कप नाकारण्याची कोणाची छाती नव्हती. पलटणीत आम्ही बडाखाना करतो. कमांडिंग ऑफिसरपासून रंगरुटापर्यंत सगळे एका लंगरातलं खातात, ते कशासाठी, हे मला शाहू महाराजांच्या त्या चहावरून जास्त कळलं.

मी तिकडे कोणाला उपदेश केला नाही. फक्त भारतातून नवीन पोरं कामावर आली की पहिल्या शुक्रवारी त्यांना चॉप बारमध्ये नेत असे. शुक्रवारी घानात लोक रंगीबेरंगी स्थानिक कापडाचे कपडे घालून कामावर येतात, वातावरण मोकळं असतं. दहातले सहा पुन्हा आपणहून गेले. दोघं आजारी पडल्याचं सांगत होते, ते आदल्या रात्रीच्या बिअरने. एकाने सरळ सांगितलं, सर, घरी कळलं तर आई रागावेल. तो जैन होता आणि खरं बोलत होता.

तर शाकाहारी मंडळींसाठी. अवघड आहे, अशक्य नाही. रेड-रेड मागा. पाम तेलात शिजवलेली चवळी आणि तळलेली पिकलेली केळी. पण आधी विचारा, कारण मासा मांस नसतो अशी तिकडे ठाम समजूत आहे. "नो मीट" म्हटलं की आंटी प्रेमाने मासा वाढते. शितोत मासा असतोच. कोंतोमिरे म्हणजे अळूच्या नात्यातल्या पानांची भाजी, आपल्या फदफद्याची बहीण, पण तिच्यातही वाळका मासा लपलेला असतो. संध्याकाळी रस्त्यावर केलेवेले मिळतं, पिकल्या केळ्याचे आलं-मिरची लावून तळलेले तुकडे. ते निर्धास्त खा. भाजलेलं केळं आणि मूठभर शेंगदाणे, याला लोक 'कोफी ब्रोकमन' म्हणतात, म्हणजे कडकी लागलेला कोफी. महिनाअखेरचं जेवण. प्यायला सोबोलो, लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड सरबत.

पोटाचं म्हणाल तर कच्चं सॅलड सुरुवातीला टाळा आणि उकळतं पातेलं बघून बसा. दुपारी एकच्या आत पोचा. फूफू संपला की आंटी पुन्हा कांडायला बसत नाही, मग तुम्ही कर्नल असा नाहीतर जनरल. वाचे तर दहाच्या पुढे मिळणं कठीण. आणि उधारी पहिल्याच दिवशी मागू नका, चार-पाच वेळा जा, मग ती स्वतःच म्हणते, उद्या दे.

बोला, कोणाला काही विचारायचंय?